हळदीकुंकवाला आलेली

संत्र्याची साल. खिडकीत वाळत टाकलेली, कडा आत वळलेल्या, आणि अजून तिला थोडासा वास... सुलोचनाने ती उचलून नाकाशी धरली आणि होती तिथे ठेवली. तेव्हाही अशीच वाळायची इथे, उटण्यात घालायला. परत आल्याचा आनंद झाला तो त्या सालीएवढाच, आणि तोही चटकन ओसरला. उरला तो प्रवासाचा शीण — विमानाचा, मुंबईतल्या मुक्कामाचा, गाडीचा — की हा शीण ऑगस्टपासूनचाच होता आणि ती नुसती त्याला घेऊन समुद्र ओलांडून आली होती?

बासष्ट साली मॉरिशसहून शिष्यवृत्तीवर ती वर्ध्याच्या कॉलेजात शिकायला आली, तेव्हा सिंदी मेघे म्हणजे शहराला टेकलेलं खेडं होतं. पणज्याने कोकणातून नेलेली मोडकी मराठी बोलणारी, चिडली की तिकडच्या क्रिओल बोलीत पुटपुटणारी मुलगी. भाजीपाला पिकवणाऱ्या नानाजींनी मागची ही खोली तिला भाड्याने दिली, आणि त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईने, चार दिवसांत भाडेकरूची लेक करून टाकली. आता चौऱ्याऐंशी उजाडलं. वांग्यांच्या वाफ्यांवर सिमेंटची घरं उठली. सकाळी कॉलेजवर जाऊन आले मी... फाटकाशी शिपायाने विचारलं, कोण पाहिजे? खरंच, कोण पाहिजे होतं मला? वाचनालय दिसलं, कडुनिंब दिसला. त्यांना काय सांगणार, की बाबांनो, माझा नवरा गेला, दामोदर गेला.

ते सांगायलाच तर ती आली होती. तिकडे पाच महिने सगळ्यांनी तिला जपलं, तिच्यासमोर हळू आवाजात बोलले, आणि त्या जपण्याने ती पार थकून गेली. तिला धाय मोकलून रडायचं होतं, आणि ते फक्त मायजवळ — ती भागीरथाबाईला माय म्हणायची — जमेल असं तिने ठरवून टाकलं होतं. लोकांनी वाटेत विचारपूस करू नये म्हणून विमानतळावर टिकली लावली. मायच्या दारात उतरल्यावर काढू, एवढंच मनाशी होतं.

पण काल संध्याकाळी ती रिक्षातून उतरली तर दारात माय उभी — कपाळ कोरं, हात मोकळे. नानाजी दिवाळीच्या सुमाराला गेले होते. सुलोचना तिच्या गळ्यात पडायला पुढे झाली, आणि मायच तिच्या गळ्यात पडली. खूप रडली. मग पदराने डोळे पुसून भिंतीकडे बघितलं. तिथे नानाजींच्या फोटोला हार होता आणि शेजारी सुलोचनाच्या लग्नाचा फोटो, कधीकाळी तिनेच धाडलेला.

"आमचे जावई कसे हायेत वं? त्याईले काऊन नाई आनलं?"

"बरे आहेत," सुलोचना म्हणाली. "सुटी नाही मिळाली."

तोंडातून निघूनच गेलं. रडणाऱ्या माणसाच्या पदरात आणखी एक मरण कसं टाकायचं... की तसंही नव्हतं? 'बरे आहेत' म्हणताना जिभेला गोड लागलं होतं. काय बाई मी तरी.

आज संध्याकाळी मायच्या सुनेने, मंदाने, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. दुपारभर माय मागच्या पडवीत बसून तिळगुळाचे लाडू वळत होती. सगळं तिच्या हातचं, पण संध्याकाळी समोरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. सुलोचनाही शेजारी बसून वळत होती आणि मनात म्हणत होती, हा लाडू झाला की सांगते. मग पुढचा झाला की... सांगितलं की आपणही इथेच बसायचं, हिच्याजवळ, या अंधाऱ्या पडवीत. किती सोपं होईल. नुसतं बसायचं.

"तुले पाहून जिवाले बरं वाटून राह्यलं," माय म्हणाली. "माह्यं तर सरलं. पन एक लेक तरी भरल्या कपाळानं दारात आली. ऊठ आता, हात धू. माह्या वाटचं तू समोर बस."

"माय, मला जरा..."

"दमली असशीन. बसाचंच तर हाय तिथं."

सुलोचनाला राग आला. मायच्या भोळेपणाचा, त्या टिकलीचा, आणि सगळ्यात जास्त दामोदरचा, की हे सगळं माझ्यावर टाकून आपण खुशाल मोकळा झाला. पण रागालाही अंगात बळ लागतं. ती उठली, हात धुतले.

समोर सतरंजीवर आळीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मंदाने सुलोचनाला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून प्लॅस्टिकची साबणदाणी हातात ठेवली. एवढ्यात शेजारची गोपिका ओरडली, "पाव्हनीले नाव घ्याले लावा वं! आयकू द्या फारेनचा उखाना!"

नवऱ्याचं नाव गुंफून दोन ओळी. तेवढंच. सुलोचनाला एकही ओळ सुचेना.

"दामोदर," ती म्हणाली. नुसतंच.

"आन् मंग पुढं?" — हशा उसळला.

पाच महिन्यांत हे नाव तिच्यासमोर कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. घेतलं तर 'बिचारा' लावून. इथे बायका त्या नावावरून तिची चेष्टा करत होत्या — लाजून राह्यली पाहा, इतक्या वर्सानं बी — घरी नवरा वाट बघत असलेल्या बाईची करतात तशी. मधल्या दाराच्या फटीतून माय तोंडावर पदर धरून हसताना दिसली.

बरं वाटलं. अगदी निर्लज्जासारखं बरं वाटलं. आणि त्याचबरोबर कळून चुकलं की आता सांगता येणार नाही. जिथे येऊन रडायचं ती एकच जागा होती आणि ती आपण आपल्याच हाताने बुजवली. इथे तो आता कायम बरा असणार, त्याला सुटी मिळत नसणार, आणि दर संक्रांतीला त्याची खुशाली आपणच कळवायची...

"असं नाई चालत," गोपिका म्हणाली, "नीट घ्या, पुऱ्या दोन ओळी."

सुलोचना यमक शोधू लागली. जुळेना. फार दमले रे मी, असं तिने मनातल्या मनात दामोदरला सांगितलं, आणि ऑगस्टपासून पहिल्यांदाच तिला वाटलं की तो ऐकतो आहे.