सगळ्यांना मिळून एक

मी बोलतोय. खरं तर माझ्यातलं जे उरलंय ते बोलतंय. मी एक कोडं होतो. तुकडे जोडून चित्र पुरं करायचं असतं ना, तसलं.

मला विकत घेणाऱ्या मुलीला वाटलं होतं, मला जमिनीवर पसरलं की लहानमोठी सगळी मुलं गोल करून बसतील, एकमेकांना तुकडे देतील आणि चित्र पुरं झालं की टाळ्या वाजवतील. तसं झालंही. टाळ्याही वाजल्या. मग ती आपल्या आत्याला बोलवायला स्वयंपाकघरात धावली. परत आली तेव्हा माझ्या अंगाला जागोजागी भोकं पडली होती आणि मुलं भिंतीला टेकून, हात पाठीमागे धरून उभी होती.

पण आधी माझं थोडं सांगतो.

एका कारखान्यात मोठ्या कागदावर माझं चित्र छापलं गेलं. भरलेल्या बाजाराचं चित्र होतं. फुगेवाला, छत्रीवाली बाई, शेपूट हलवणारा कुत्रा, टोपलीतून मान वर काढलेली कोंबडी आणि वर नुसतं निळं आभाळ. कागद पुठ्ठ्यावर चिकटवला, वरून धारदार पात्यांचा साचा खाली आला आणि एका दाबात माझे ढीगभर तुकडे झाले. दुखलं नाही. तुटलो तेव्हाच मी कोडं झालो, तोवर नुसतं चित्र होतो. आणि त्या क्षणापासून एकच ओढ लागली: कोणीतरी मला जोडावं.

ते लवकर झालं नाही. दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर माझा डबा पडून राहिला. त्याची एक बाजू उन्हाने फिकट झाली. दुकानदार अधूनमधून फडकं मारायचा आणि म्हणायचा, "हे धूड कोण नेणार!"

एके दिवशी मला विकत घेणारी ती मुलगी आली. मुलांना कसं शिकवावं हेच शिकायला ती लांब गेली होती आणि नुकती परतली होती. तिची आत्या एक बालगृह सांभाळते. मोठी सुट्टी लागली की बाकीची मुलं कुणा ना कुणाकडे राहायला जातात, इथली मुलं मात्र तिथेच असतात. म्हणून सुट्टीत एक दिवस भेटवस्तूंचा. एरवी कुणीतरी वापरून दिलेल्या वस्तू वाटायच्या. यंदा आत्याने ते काम तिच्यावर सोपवलं होतं. पैसे बेताचे, मुलं मात्र भरपूर, आणि त्यांत बोबडं बोलणाऱ्यांपासून आवाज फुटायला आलेल्यांपर्यंत सगळी.

ती एकेक वस्तू उचलून खाली ठेवत होती. "चेंडू मोठ्यांना आवडेल, धाकट्यांचं काय? बाहुल्या नेल्या तर मोठी तोंडं वाकडी करतील. शिट्ट्या नकोच, आत्या मलाच घराबाहेर काढेल."

"प्रत्येकाला पेन्सिल-खोडरबर द्या आणि मोकळ्या व्हा," दुकानदार म्हणाला.

"काका, सुट्टीत पेन्सिल? तुम्हाला सुट्टीच्या दिवशी कोणी वजनकाटा भेट दिला तर?"

तो हसला. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. डबा खाली घेऊन तिने झाकणावरचं चित्र डोळे भरून पाहिलं. "धाकटी कडेचे तुकडे लावतील, मधली माणसं लावतील, मोठी आभाळ लावतील. सगळ्यांना मिळून एक!"

"एवढ्या पोरांत एकच? भांडणं विकत घेताय, ताई."

"भांडणं नाही काका. एकी."

तिचे डोळे इतके चमकत होते की मलाही ते पटलं. त्या दिवशी मला काखोटीला मारून चालताना ती वाटभर स्वतःशीच हसत होती.

बालगृहातली मोठी खोली स्वच्छ होती. ओळीने लोखंडी खाटा, एकसारख्या चादरी. कपड्यांचं एकच मोठं कपाट, त्यात कपडे मापाप्रमाणे लावलेले. धुऊन आलेला सदरा ज्याला बसेल त्याचा. दाराशी चपलांचा ढीग, त्यातून पायाला येईल तो जोड घालायचा. कोणाची आबाळ नव्हती. पण कोणतीच वस्तू कोणा एकाची नव्हती. हे मी पाहिलं. तिनेही पाहिलं असणार. अर्थ दोघांनाही लागला नाही.

मुलं तिला नवी ताई म्हणू लागली होती. माझं झाकण उघडण्याआधी एक उंच मुलगी पुढे आली. वरच्या फळीवरचं काहीही तिलाच काढायला सांगत, म्हणून सगळे तिला शिडी म्हणायचे. तिच्या फ्रॉकला धरून तिची धाकटी बहीण उभी होती, गोलमटोल, म्हणून ती बटण. शिडी आता मोठी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोठ्या मुलींच्या गृहात न्यायला गाडी यायची होती. बटण इथेच राहणार होती.

"ताई, मी उद्या जाणार," शिडी म्हणाली. "यातलं मला काय नेता येईल?"

"आठवण ने ना!" ती उत्साहाने म्हणाली. "सगळ्यांनी मिळून केलेल्या चित्राची आठवण. त्याहून मोठी भेट कुठली?"

"बरं," शिडी म्हणाली.

मग मला जमिनीवर ओतलं. काय सांगू, माझ्या आयुष्यातली ती एकच दुपार! चहूबाजूंनी हात, गुडघे, आरडाओरडा.

"ए, कोपरा इकडे दे!"

"अरे, कुत्र्याचं डोकं बाईला काय लावतोस?"

"शोभतंय की तिला!"

मुलं हसून हसून लोळली. तीही त्यांच्यात पालथी पडून तुकडे शोधत होती. शेवटचा तुकडा बसला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी पहिल्यांदा पुरा झालो. "थांबा हं, आत्याला दाखवू या!" म्हणत ती धावली.

ती गेली आणि खोली गप्प झाली.

"आता हे डब्यात जाणार," एक मुलगा म्हणाला.

"आणि डबा कपाटात."

"आणि कपाटाला कुलूप."

एका लहानग्याने वाकून फुगेवाल्याचा तुकडा उचलला. "हा माझा," तो हळूच म्हणाला. जणू तो शब्द तो पहिल्यांदाच चाखून बघत होता. मग हात आले, एकामागून एक. हिसकाहिसकी नाही, भांडण नाही. प्रत्येकाने एकच तुकडा घेतला. दुसऱ्या तुकड्याला कोणी हात लावला नाही.

बटणने कोंबडी घेतली. "ताई, तू छत्री घे."

"नको. छत्री नेली तर ती बाई भिजेल," शिडी म्हणाली. तिने वर हात घालून आभाळातला एक तुकडा काढला. नुसता निळा. "इथलं कोणाला कळायचं नाही."

मला कळलं. माझं चित्र कमीत कमी बिघडावं म्हणून तिने ज्यावर काहीच नाही तो तुकडा निवडला होता.

दारातून आवाज आला, "डोळे मीट, आत्या. मी सांगेन तेव्हाच उघड!"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी तुमच्यावर विश्वास टाकला होता," ती म्हणाली. "एक तुकडा गेला तरी चित्र सगळ्यांचं बिघडतं. परत ठेवा. मी कोणाला रागावणार नाही." कोणी जागचं हललं नाही.

"चल, जेवायला वाढू या," आत्या म्हणाली. "अगं, पोरं आहेत."

"म्हणूनच तर, आत्या!" ती म्हणाली. वाईट हेतूने नाही बोलली ती. तिचं एक सुंदर स्वप्न तिच्या डोळ्यांदेखत फाटलं होतं.

रात्रभर मी तसाच भोकं घेऊन जमिनीवर पडून होतो. सकाळी गाडी आली. आत्याने शिडीला पुढ्यात बसवलं. "आज वेणी मी घालते," म्हणत तिने कालची वेणी सोडली, आणि केसांतून निळा तुकडा जमिनीवर पडला.

आत्याचा हात थांबला. मग ती पुन्हा केस विंचरू लागली. पण जवळच उभ्या असलेल्या आपल्या नव्या ताईने वाकून तुकडा उचलला.

"ते आभाळ होतं, ताई," शिडी म्हणाली. "त्याच्यावर काहीच नव्हतं."

"पण ते सगळ्यांचं होतं गं," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली आणि तुकडा खिशात टाकला.

"बरं," शिडी म्हणाली. आत्याने वेणी पुरी केली. गाडी गेली. बटण फाटकाच्या गजांना धरून ओरडत राहिली आणि मग एकाएकी गप्प झाली.

ती धावत आत आली, आपल्या खाटेची गादी उचलली आणि मूठ पुढे करून नव्या ताईसमोर उभी राहिली. मुठीत कोंबडी होती.

"ही घ्या," ती म्हणाली. "घ्या आणि माझ्या ताईला परत आणा."

तिच्यामागे फुगेवाल्याचा तुकडा घेतलेला मुलगा आला. मग दुसरा, तिसरी. उशीच्या अभ्र्यातून, चपलेच्या आतून, तोंडातून काढलेले ओले तुकडे मुलं माझ्या अंगावर परत लावू लागली. घाईघाईने, हुंदके देत. त्यांना वाटत होतं, शिडीला चोरीसाठी घालवून दिलं. सगळं जागेवर ठेवलं की ती येईल.

मी पुन्हा पुरा होत गेलो. कोंबडी टोपलीत बसली, फुगेवाला उभा राहिला. फक्त आभाळात एक भोक उरलं. आयुष्यभर ज्याची ओढ होती ते मला असं मिळालं, आणि तुकडे होताना कधी दुखलं नव्हतं इतकं तेव्हा दुखलं.

नवी ताई माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मग तिने दोन्ही हात माझ्याखाली घातले आणि मला मोडलं.

"शिडी चोरीमुळे गेली नाही," ती म्हणाली. "ती मोठी झाली म्हणून गेली. चोरी झालीच नव्हती. चूक माझी होती. या, आपापला तुकडा घ्या. तो तुमचा. कपाटात ठेवायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, कोणी मागायचा नाही."

"अगं, कोडं वाया जाईल," आत्या पुटपुटली.

"जाऊ दे."

मुलं बिचकत पुढे आली. मी वाटला गेलो. आता मला पुन्हा कोणी जोडणार नाही. मी त्या घरातल्या मुठींत, खिशांत, उशांखाली पडून आहे आणि बोलतोय तो या निळ्या तुकड्यातून. तुम्ही कधी पुष्कळ मुलांसाठी थोड्या पैशांत काही घ्यायला निघालात तर माझी एक विनवणी आहे. वस्तू कितीही लहान असू द्या, पेन्सिलचं बोटभर थोटुक का असेना, पण ते ज्याचं त्याला द्या. "माझं" म्हणायला मिळालं नाही, तर "आपलं" कुठून म्हणणार ती मुलं?

त्या सकाळी नव्या ताईने खिशातून मला काढलं आणि बटणच्या तळहातावर ठेवलं. "आत्या, मी हिला घेऊन शिडीकडे जाते. आत्ताच."

"आज भेटायचा दिवस नाही. आत सोडणार नाहीत तुम्हाला."

"मग फाटकाबाहेर उभ्या राहू."

बटणने मला घट्ट धरलं. तिची मूठ घामाने ओली झाली होती.

"हे दिलं की ताई घरी येईल ना?"

नवी ताई तिच्यासमोर खाली बसली. खोटं बोलणं त्या क्षणी किती सोपं होतं! पण ती म्हणाली, "नाही, बटण. ती येणार नाही. पण हे तिचं राहील."

बटण थोडा वेळ रडली. मग चप्पल शोधायला उठली.