चर क्रमांक तीनचा कोपरा

"तिथं कुदळ लावू नका, सर," भीमा म्हणाला आणि चराच्या कोपऱ्यात पाय रोवून उभा राहिला.

सर म्हणजे पुण्याच्या विद्यापीठातल्या आमच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख, टेंभेकर. मी विभागाचा नकाशे काढणारा. त्र्याहत्तरचा डिसेंबर होता. प्रवरेकाठच्या या टेकाडावर दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही हाच चर अर्धा खणून बुजवला होता आणि राखणीला गावातल्या भीमाला ठेवलं होतं. विभागात पदव्यांना तोटा नव्हता, पण मातीचा रंग बदललेला आधी कळायचा तो भीमाला. तीन हजार वर्षांपूर्वीचं तान्हं मूल याच चरातून त्यानंच अलगद वर काढलं होतं. दोन मडकी तोंडाला तोंड लावलेली आणि आत इवलीशी हाडं.

आज कोपऱ्यात तसंच मडकं दिसत होतं. विद्यार्थी हरखले. मला मात्र मडक्यावर चुलीची ताजी काजळी दिसली.

"काय आहे हे, भीमा?" सरांनी विचारलं.

"मालनची पोर हाय. दुष्काळात गेली, मालनच्या अंगावर दूधच न्हवतं. रान दगडावानी झाल्तं, वीतभर खड्डा पडंना. नदीकाठी पुरलेली पोरं कुत्री उकरत हुती. हितली माती तेवढी मऊ. म्हनलं, ते जुनं लेकरू हितं इतकी वरसं सुखरूप ऱ्हायलं, आपलं बी ऱ्हाईल."

मालन, त्याची मुलगी, चराच्या काठावर मातीची पाटी घेऊन उभी होती. बापानं तिला पोर नदीकाठी पुरल्याचं सांगितलं होतं. सहा महिने ती तिथंच जाऊन बसायची.

"हलवावं लागेल," एक विद्यार्थी पुटपुटला. त्या वर्षीचं सगळं काम याच चरावर होतं.

मालननं मला विचारलं, "ते जुनं लेकरू पुन्याला कुटं ठिवलंय, सायेब?"

"कपाटात. नंबर घालून." सांगताना मला लाज वाटली.

ती खाली उतरली. पाटीतली माती तिनं मडक्यावर ओतली, तळहातांनी थापली आणि दुसरी पाटी भरायला वर गेली. कुणीही तिला अडवलं नाही.

"कोपरा सोडा," सर म्हणाले.

विभागाच्या इतिहासात या चराचा मी काढलेला नकाशा छापला आहे. एक कोपरा कोरा आहे. खाली ओळ आहे, "या भागात उत्खनन झाले नाही." ती मीच लिहिली.