चार वर्षांची रेघ

“कागदाला कात्री लावायची नाही, सूनबाई. आधी उतरवून घ्यायचं. मूल वाढतं, कागद वाढत नाही.”

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, पण थोरली सून शिवणाच्या टेबलाशी उभी राहिली की हे वाक्य अजून तिच्या कानाशी यायचं. सासूबाई बोलायच्या हळू आणि एकदाच. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर सांगत नसत, नुसत्या बघत. त्या बघण्यापेक्षा दोन धपाटे परवडले, असं धाकटी जाऊ म्हणायची.

शिवणाची खोली घराच्या मागच्या अंगाला, लांबट. खिडकीखाली मशीन, मधोमध कापायचं मोठं टेबल आणि भिंतीतल्या कपाटात पॅटर्नची पाकिटं दाटीवाटीने उभी. प्रत्येक पाकिटावर हसरी मुलं: कुणी फ्रॉकमधलं, कुणी अस्वल झालेलं, कुणी पाठीला पंख लावलेलं. आत तलम कागदाची मोठी घडी. एकाच कागदावर दोन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतची सगळी मापं छापलेली, एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. सगळ्यांत आतली रेघ दोन वर्षांच्या बाळाची, सगळ्यांत बाहेरची आठ वर्षांच्या मुलाची. हवी ती रेघ दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची आणि मूळ कागद होता तसा पाकिटात ठेवायचा. मग मूल वाढलं की पुढची रेघ त्याची वाट बघत असतेच.

थोरलीने हा नियम एकदाच मोडला होता. तिची ठकी तेव्हा चार वर्षांची. पिवळा फ्रॉक, पुढे दोन मोठे खिसे, असा तिने हट्टच धरला होता, आणि थोरलीच्या हाताखाली लोकांची कामं साचलेली. एकदा काय होतंय, म्हणत तिने छापील कागदावरच चार वर्षांच्या रेघेवरून कात्री चालवली. बाहेरच्या रेघा पट्ट्या होऊन खाली पडल्या. ठकीने त्या गळ्यात घालून माळा केल्या, नाचली, आणि संध्याकाळी त्या केरात गेल्या. पुढे थोड्याच दिवसांत ठकीला ताप आला. त्यातून ती उठली नाही; पाच वर्षांची झालीच नाही.

डॉक्टरांनी त्या तापाला नाव दिलं होतं. ठकीच्या बाबांनी ते नाव धरून ठेवलं. विचारणाऱ्याला तेवढंच सांगायचे आणि दुसऱ्या विषयावर जायचे. थोरलीच्या मनाने मात्र वेगळंच धरलं होतं. पाच, सहा, सात, आठ, सगळी वर्षं तिने स्वतःच्या हाताने कापून केरात टाकली होती. हे असं नसतं हे तिला कळत होतं. पण कळणं एकीकडे आणि केरात गेलेल्या पट्ट्या एकीकडे.

तेव्हापासून तिने लहान मुलाचं कापड कापलं नव्हतं. पडदे, उशांचे अभ्रे, मोठ्या माणसांचे कपडे, एवढंच. झबलं शिवून द्या म्हणून कुणी आलं की ती मऊ आवाजात नाही म्हणायची आणि पुढच्या गल्लीतल्या शिंप्याचा पत्ता द्यायची. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही हा तिचा नेम होता आणि तो तिने ठकीच्या आजारपणातही मोडला नव्हता. आताही दिवा लावायची, हात जोडायची, आणि मागण्यासारखं काही उरलं नाही म्हणून नुसतीच उभी राहायची.

आणि एक गोष्ट होती, जी तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

टेबलाखाली पायांना जोडणारी एक रुंद फळी होती. ठकी होती तेव्हा तिथे बसून असायची. तिच्या हातात लोहचुंबक आणि तिचं काम एकच, पडलेल्या टाचण्या गोळा करायच्या. चुंबक अजून त्या फळीवरच होता. दुपारी घर सामसूम झालं, थोरली कापड टाचायला लागली, की बोटातून एखादी टाचणी निसटायची. खाली पडल्याचा बारीक आवाज व्हायचा. थोरली काम संपवून केरसुणी घेऊन यायची, तेव्हा फरशीवर एकही टाचणी नसायची. चुंबकाला सगळ्या चिकटलेल्या असायच्या, डोकी एका बाजूला करून. ठकीला तशी सवय होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच उचलल्या असतील आणि विसरलो असू. दुसऱ्यांदा तिने असं काही वाटून घेतलं नाही. कधी पंखा बंद असताना कपाटातले कागद सळसळायचे, दाट झाडीत पाखरू कूस बदलतं तसे. ती मान वर न करता टीप मारत राहायची. टाचणी पडल्याबरोबर खाली वाकून बघायचं धाडस तिला तीन वर्षांत झालं नव्हतं. असली तर काय करायचं, आणि नसली तर काय करायचं?

*

थोरलीचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर दीर आणि धाकटी राहायचे. त्यांची मुलगी आता चार वर्षांची झाली होती. गोल, चपटी, सगळीकडे अडकून बसणारी, म्हणून तिचं नाव बटण. शाळेच्या नाटकात तिला खारीचं काम मिळालं होतं. वाक्य एकच होतं, पण ते ती दिवसभर सगळ्यांना ऐकवायची.

धाकटी खारीच्या पॅटर्नचं पाकीट घेऊनच खाली आली. तपकिरी मखमलही आणली होती. थोरलीने पाकीट हातातही घेतलं नाही. तयार मिळतात ते पोशाख आण म्हणाली. तयार पोशाखात शेपटी म्हणजे नुसतं फडकं असतं, धाकटी म्हणाली. मग शिंप्याकडे दे. शिंपी म्हणतो, मी माणसांचे कपडे शिवतो, जनावरांचे नाही.

थोरली कापडाच्या घड्या घालत राहिली. नाही म्हणण्याचं कारण दोघींना ठाऊक होतं. त्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्याला कुणी तोंड फोडत नव्हतं. शेवटी धाकटीनेच फोडलं. ती रागावली नव्हती.

“जाऊबाई, माझी पोर तुमच्या कात्रीने थांबणार नाही हो. उलट तिलाच वाटायला लागलंय की मोठ्या आईला आपण आवडत नाही.”

थोरलीने घडी घातलेलं कापड पुन्हा उलगडलं. बटण तिला आवडत नव्हती असं नव्हतं. ती इतकी आवडत होती, की तिच्या मापाच्या रेघेशी कात्री नेण्याच्या विचारानेच थोरलीच्या हाताला घाम फुटायचा.

“ठीक आहे,” धाकटी म्हणाली, “मीच करते. टेबल तरी द्याल ना?”

आता धाकटीचं शिवण म्हणजे सांगायची सोय नाही. लग्नानंतर तिने हौसेने एक उशीचा अभ्रा शिवला होता आणि तो चारही बाजूंनी शिवून टाकला होता. तिने टेबलावर कागद पसरला, खारीच्या अंगाचा भाग शोधला, कात्री उचलली आणि चार वर्षांच्या रेघेवर टेकवली.

थोरली मशीनवरून कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने धाकटीचं मनगट धरलं होतं.

“कागद कापू नकोस. मी उतरवून देते.”

तिने पातळ कागद वर अंथरला, पेन्सिलने रेघ उतरवली, गळा, बाहीचा मुंढा, शेपटीचे दोन भाग, शिवणीसाठी माया सोडून. हात अडखळला नाही. मूळ कागद घडी घालून पाकिटात गेला. पण मखमल पुढे येताच ती मागे सरली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसली.

धाकटीने कापड कापलं, शिवलं. शेपटीत कापूस इतका ठासला की बटणने ती घातली आणि सरळ मागे जाऊन बसली. कान एक डोक्यावर, एक मानेवर. बटणच्या बापाने जिन्यातून बघून विचारलं, हा कुठला प्राणी. धाकटी म्हणाली, “खार होती. आता मुंगूस म्हणा, नाहीतर उशी म्हणा. माझ्याच्याने याहून होत नाही.” ती हसत होती खरी, पण हसता हसता तिने टिपा उसवायला घेतल्या आणि मखमल उसवताना फाटली. तिने ती तशीच टेबलावर टाकली आणि वर निघून गेली. बटण मागे राहिली, टेबलाखाली.

*

दुपार कलत होती. थोरली पडद्याचा काठ दुमडत होती. खाली बटणची कुजबुज चालली होती. एकटी पोरं बोलतात तशी, असं वाटून थोरलीने लक्ष दिलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं, की बटण मध्येमध्ये थांबते आहे. उत्तर ऐकून घ्यावं तशी.

“कोणाशी बोलतेस गं?”

“हिच्याशी.” बटणचा आवाज साधा होता. “ती म्हणते, सरकून बस. तिचे पाय मावत नाहीत.”

थोरलीच्या हातातला काठ सुटला.

घरात ठकीचा फोटो होता. त्यात पिवळा फ्रॉकही होता. बटणने तो रोज पाहिलेला. पोरांच्या मनात काय कशाला चिकटेल याचा नेम नाही, असं थोरलीने स्वतःला समजावलं. मग शक्य तितक्या हळू विचारलं, “केवढी आहे ती?”

“मोठी आहे. माझ्याहून पुष्कळ मोठी. मान वाकवून बसते.” बटण थोडी थांबली. “तिचा फ्रॉक तोकडा झालाय मोठी आई. इथे काचतो तिला. काखेत. खिसे वर गेलेत, हात घातले तर कोपरं बाहेर येतात.”

मशीनचं चाक आपोआप अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. थोरली बसल्या जागी बसून राहिली. फोटोतली मुलगी चार वर्षांची होती. फोटोतल्या मुली मोठ्या होत नसतात. तीन वर्षं ती समजत होती, की आपण पोरीला चारच्या रेघेवर थांबवलं. आणि पोर तर थांबलीच नव्हती. ती इथे, आईच्या पायाशी, टाचण्या वेचत वाढत होती, आणि आईने तिला एक नवा कपडा केला नव्हता.

थोरलीने गळ्यातली मोजपट्टी काढली. गुडघे टेकून ती फरशीवर बसली, पण टेबलाखाली पाहिलं नाही. डोळे मिटूनच तिने पट्टीचं टोक आत सरकवलं.

“बटणा, हे टोक तिच्या खांद्याशी धर. आणि गुडघ्याशी तुझं बोट ठेव.”

आत हालचाल झाली. पट्टी सैल होती, मग ताठ झाली. दोन ठिकाणांहून ताठ झाली. एक ओढ बटणची होती, थोडी हेलकावणारी, ओळखू येणारी. दुसरी स्थिर होती. माप घेताना हलायचं नाही, श्वास रोखून उभं राहायचं, हे ठकीला सासूबाईंनी शिकवलं होतं.

“झालं,” बटण म्हणाली. “ती विचारते, पिवळाच का?”

“तिला कुठला हवा ते विचार.”

कपाटातले कागद एकदा सळसळले.

“पिवळाच. पण खिसे खोल.” मग बटणने स्वतःचंही पुढे सरकवलं. “आणि मला खार.”

“शिवते,” थोरली म्हणाली. “दोघींचं शिवते.”

पट्टी सैल पडली. तिने ती ओढून घेतली. बटणचं बोट जिथे होतं तिथे कापसाचा तंतू चिकटला होता. थोरलीने आकडा पाहिला. सात वर्षांच्या मुलीचा, नीट वाढलेल्या मुलीचा आकडा होता तो.

उठून तिने हात धुतले. उरलेली मखमल टेबलावर ताणली, लव खालच्या दिशेला केली, कागदाचे भाग टाचले आणि खडूने रेघ मारली. तिने कात्री उचलली. सकाळी दिव्यापुढे जशी नुसती उभी राहायची तशी ती क्षणभर उभी राहिली. फक्त या वेळी मागायला काहीतरी होतं. मग तिने बटणच्या मापावरून, चारच्या रेघेवरून, मखमल कापली. कात्री सबंध रेघ न थांबता फिरली. टेबलाखाली बटण आपलं एकच वाक्य कुणाला तरी ऐकवत होती.

शेपटीला आतून कमरेचा पट्टा घातला म्हणजे भार खांद्यावर येणार नाही, हे तिने मनाशी ठरवलं. ते काम उद्याचं. पिवळ्या फ्रॉकचं जुनं पाकीट तिने उघडून पाहिलं. आत चार वर्षांच्या मापाचे कापलेले तुकडे होते, बाकी काही नव्हतं. ते पाकीट तिने परत जागेवर ठेवलं.

जिन्यात धाकटी भेटली, डोळे पुसून आलेली. थोरलीला चपला घातलेल्या, पिशवी घेतलेली बघून तिने विचारलं, या वेळी कुठे.

“पॅटर्नच्या दुकानात. त्यांच्याकडे मागच्या खोक्यात जुनी पाकिटं असतात. तुझ्या लेकीची खार कापून ठेवली आहे, हात लावू नकोस.”

“आणि दुकानातून काय आणायचंय?”

“सात वर्षांच्या मापाच्या फ्रॉकचा कागद,” थोरली म्हणाली. “शब्द दिलाय.”

कुणाला, ते धाकटीने विचारलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि वाट दिली.

थोरली सावकाश उतरू लागली. एरवी ती मधोमध चालायची. आज ती भिंतीच्या कडेने उतरत होती, कठड्याची बाजू मोकळी सोडून, आणि वळणावर थोडी थांबली, मागून येणाऱ्याला गाठता यावं तेवढी.