सान रोकेचा कुत्रा आणि सुकटीचं तेल

यंदा सान रोके या संताच्या जत्रेत मिरवणुकीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं गाव लोटलं होतं तिबोकाकाच्या अंगणात. संताच्या पायाची जखम कुत्र्यानं चाटून बरी केली, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तोच कुत्रा आता तिबोच्या घरी पुन्हा जन्मला होता म्हणे!

"हा माझा पांढऱ्या कुत्रा कुणा ऐऱ्यागैऱ्याला तोंड लावत नाही!" तिबोनं बाटली नाचवली. "आधी पवित्र तेल. मग मन निर्मळ असेल, त्याचीच जखम चाटणार!"

रांगेतल्या पुरितानं नवऱ्याला, देल्फिनला, पुढे केलं. रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी देल्फिन पार वाळला होता आणि पायावरची जखम काही केल्या भरत नव्हती. तिबोनं तेल लावलं. पांढऱ्या झेपावला, चाटू लागला. पुरिता आनंदानं रडली.

जत्रेचा मांडव उतरायच्या आत देल्फिन तापानं फणफणला. पायाची बोटं काळी पडली.

"कुत्र्यानं चाटलं होतं का?" इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला. पुरितानं घडलेलं सांगितलं.

"अहो, कुत्र्याच्या तोंडात जंतू असतातच. धडधाकट माणूस बहुतेक वेळा निभावून नेतो. यांची ताकद औषधांनी आधीच खालावलेली. जंतू थेट रक्तात गेले."

"पण बाकीचे बरे झाले, बाई!"

"खरचटलेलं आपोआपही भरतं. ज्यांचं चिघळलं, ते तिबोचे गोडवे गायला येतील का?"

देल्फिनची विजार धुताना पुरिताच्या नाकात सुकटीचा, सुक्या मासळीचा वास शिरला. ती तशीच तिबोच्या अंगणात गेली, बाटली हिसकावली आणि तेल तिबोच्याच चपलेवर ओतलं. पांढऱ्या धावत आला आणि त्यानं चप्पल चाटूनपुसून लख्ख केली.

"बघा गं बायांनो, काकाच्या चपलेचं मन किती निर्मळ!"

गर्दी खो खो हसली. पुरिता हसली नाही.

"सुकट तळलेलं तेल आहे हे. माझ्या नवऱ्याची बोटं कापावी लागली आज. मीच त्याला पुढे ढकललं होतं. कुत्र्याचा काय दोष? पाळा, जीव लावा. पण जखम झाकून ठेवा. चाटलं तर साबणानं धुवा आणि दवाखाना गाठा. आजारी माणसानं तर जास्तच जपायचं. संताची भक्ती करा, पण अक्कल गहाण टाकू नका."

रांगेतल्या एका पोरीनं मधुमेही आईच्या पायाची सोडलेली पट्टी पुन्हा बांधली आणि तिला घेऊन इस्पितळाची वाट धरली.