कोर्बिनियानकाकांची जीभ

गावात बिअरची भट्टी एकच. तिच्या कढईतला जवाचा गोड काढा घराघरांत वाटला जातो आणि ज्याच्या त्याच्या तळघरात, गारठ्यात, महिनोन्‌महिने निजतो. यीस्ट तळाशी बसून आपलं सावकाश काम करतं, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. कढई एक, पण चव तळघरागणिक निराळी. या बिअरला म्हणायचं त्सॉइगल. तयार झाली की दारावर सहा टोकांची चांदणी टांगायची. मग सगळं गाव त्या घराच्या बैठकीत!

यंदा जत्रेला दोन घरची त्सॉइगल एकदमच तयार झाली. एक अफ्राच्या आईची, ओटिलियेची; दुसरी शेजारच्या कोर्बिनियानकाकांची. जत्रेची चांदणी मात्र एकच. बाबा गेल्यापासून ती अफ्राच्या दारावर लागलीच नव्हती.

"ओटिलियेची बिअर?" काका गावभर सांगत. "कोबीचं पाणी!"

आई ऐकून घ्यायची आणि अफ्राच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रविवारी चर्च सुटल्यावर तिने भर चौकात काकांना गाठलं.

"काका, डोळे बांधून दोन पेले चाखा. कुठला कुणाच्या तळघरातला, ओळखा. चुकलात तर चांदणी आमची."

"आणि ओळखले तर?"

"तर आम्ही जत्रेची चांदणी परत कधी मागणार नाही."

"अफ्रा!" आईने असा चिमटा काढला की बास.

"पेले माझी बायको भरेल," काका म्हणाले. "घरचं माणूस. दगाफटका नको."

त्सेन्झीकाकू मान खाली घालून पेले आणायला गेल्या. काका पेले बायकोलाच भरायला लावणार, हे अफ्राने आधीच ताडलं होतं; आदल्या दिवशी कुंपणापाशी तिचं आणि काकूंचं काय खलबत झालं होतं, ते फक्त त्या दोघींना ठाऊक. धोका एकच होता: काका 'दोन्ही माझेच' म्हणाले, की संपलं.

काकांनी पहिला घोट घेतला. "आहाहा! माझी!"

दुसरा घोट. काका थांबले. जीभ टाळ्याला लावली, परत एक घोट घेतला.

"थू! कोबी! ही ओटिलियेची!"

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "दोन्ही आपल्याच पिंपातले की हो!"

चौक असा हसला की कबुतरं उडाली.

"तू? माझी बायको असून?"

"बायको आहे म्हणूनच! जत्रेचे दोन दिवस गाव आपल्या बैठकीत बसतं, आणि भांडी कोण घासतं? तुमची जीभ?"

शिडीवर चढून चांदणी काकांनाच टांगावी लागली. खालून अफ्रा ओरडत होती, "काका, डावीकडे! अजून डावीकडे! छे, मघाचंच बरं होतं!"

जत्रेच्या दिवशी त्सेन्झीकाकू अफ्राच्या बैठकीत पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी काकांचा तिसरा पेला रिकामा झाला.

"कशी आहे?" आईने विचारलं.

"कोबी लागतो जरासा," काका म्हणाले, आणि त्यांनी पेला पुढे सरकवला. "अजून थोडी दे, नक्की सांगतो."