कुशाबाईंनी टांगलेला नारळ

मी एक जुना नारळ आहे. म्हणजे होतो. आता माझी अर्धी करवंटी तेवढी उरली आहे आणि ती मच्छिंद्रच्या उजव्या हातात आहे. ती तिथं कशी आली, तेच तुम्हांला सांगायचं आहे, मित्रांनो.

माझा जन्म समुद्राकाठचा. ट्रकमधून धक्के खात मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात आलो. तिथं कुशाबाईंनी मला उचललं, कानाशी धरून हलवलं. पोटातलं पाणी खळखळ वाजलं आणि मी फुशारलो. एखाद्या नवरीच्या ओटीत जाईन, नाहीतर निदान मोदकाच्या सारणात तरी पडेन, असे माझे बेत चालले होते.

पण कुशाबाईंच्या घरात मोदक कुणाला सुचत नव्हते. त्यांचा लेक मच्छिंद्र रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. पाळी संपवून येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार लागला. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. बोलणं परत येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, येऊ शकतं, पण कधी ते सांगता येत नाही.

कुशाबाईंनी मला तांबड्या फडक्यात बांधलं. देवघराच्या पुढ्यात, वर पत्र्याखालच्या लोखंडी पाइपला सुतळीनं टांगलं आणि हात जोडले. “भैरवनाथा, माझा मच्छिंद्र ज्या दिवशी तोंडानं हाक मारील, त्या दिवशी हा नारळ तुझ्यापुढं फोडीन.”

माझे भाऊबंद देवापुढं आले की लगेच फुटतात आणि सुटतात. मला मात्र लटकून राहायचं होतं. नवसाचा नारळ, त्याला कुणी हात लावायचा नाही. फडकं विरळ होतं, म्हणून मला सगळं दिसे. समोरच मच्छिंद्रची खाट होती. तो उताणा पडून माझ्याकडे बघे, मी त्याच्याकडे. माणसं म्हणतात, नारळालाही डोळे असतात आणि तोंड असतं. असेल. पण त्या घरात तोंड असून न बोलणारे आम्ही दोघंच होतो.

पावसाळा पत्र्यावर बडवत गेला. मच्छिंद्रची बायको सुवर्णा कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. कंपनीची बस तिला रस्त्यावर सोडायची आणि ती चपला काढायच्या आधी खाटेकडे बघायची. कुशाबाई लेकाला चमच्यानं पेज भरवत, त्याची बोटं एकेक करून मिटत आणि उघडत. मी वरून बघत राही. दुसरं मला काय येत होतं?

थंडीत माझ्या पोटातलं पाणी आटायला लागलं. तेव्हाच शेजारची सारिका सहज बोलून गेली, की इतके महिने झाले, नारळ आत नासला असेल, आणि नवसाचा नारळ नासणं काही बरं नाही. त्या दिवसापासून दिवा लावताना कुशाबाई वर बघेनाशा झाल्या. खरं सांगू? मीही घाबरलो होतो. माझ्या पोटात काय चाललं आहे, ते मलाच कळत नव्हतं.

उन्हाळा आला. एका सुट्टीच्या दुपारी सुवर्णा स्टुलावर चढली आणि तिनं मला सोडवायला हात घातला.

“आत्या, एकदाचं कळू द्या. आत काय हाय ते तरी कळू द्या.”

कुशाबाई पेजेची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “आन् नासका निघाला तर? उद्यापासून त्याला भरवायचं सोडशील व्हय? देवाची येळ देवाला ठावं. आपल्याला पेज गार व्हायच्या आत भरवायची हाय.”

सुवर्णा स्टुलावरच रडली. मग खाली उतरली आणि तिनं वाटी स्वतःच्या हातात घेतली.

पुन्हा पाऊस लागला आणि ओलाव्यानं घरात उंदीर शिरले. एकानं माझी सुतळी कुरतडायला घेतली. एक पीळ तुटला, मग दुसरा. हे घरात फक्त एकाला दिसत होतं, मच्छिंद्रला. तो सुतळीवरून नजर काढेना, त्याचे ओठ हलू लागले. सुवर्णानं पाणी दिलं. कुशाबाईंनी पंखा लावला, मग बंद केला. शेवटी त्यांचे डोळे भरून आले. “बघ सुवर्णा, माझा लेक देवाकडं बघतोय,” त्या म्हणाल्या.

नाही हो, कुशाबाई. तो सुतळीकडे बघत होता. त्यानं घामानं उशी भिजवली, पण शब्द फुटला नाही. मीही वर लटकून ओरडत होतो, आणि नारळाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

मग ती संध्याकाळ आली. कुशाबाई दिवा लावून अगदी माझ्या खाली डोकं टेकवून बसल्या. शेवटचा पीळ सुटत चालला. जिनं मला वर्षभर सांभाळलं, तिच्याच डोक्यात मी पडणार होतो, आणि मला धरून राहायला हात नव्हते. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

“आये!”

आवाज घोगरा होता, ओळखू न येण्यासारखा. पण आईनं ओळखला. कुशाबाई उठून खाटेकडे धावल्या आणि मी मागं रिकाम्या फरशीवर पडून फुटलो.

बराच वेळ माझ्याकडे कुणी बघितलं नाही. दोघी त्याचा चेहरा चाचपत होत्या आणि तो तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग सुवर्णानं भीत भीत फडकं सोडलं. आत खोबऱ्याचा अख्खा गोटा होता, करवंटीपासून सुटलेला, कोरडा आणि गोड. उन्हाळ्यात मला फोडलं असतं, तर मी अर्धा ओला, करवंटीला चिकटलेलाच निघालो असतो. देवापुढं ठेवून पहिला बारीक तुकडा कुशाबाईंनी लेकाच्या ओठांना लावला.

सगळं ठीक झालं असं समजू नका, मित्रांनो. मच्छिंद्रला अजून थोडेच शब्द येतात. माझी करवंटी त्याच्या उजव्या हातात देतात, बोटांना पकड यावी म्हणून. ती सारखी पडते. पडली की कुशाबाई उचलून पुन्हा देतात.

‘सुवर्णा’ हे नाव त्याला अजून जमलेलं नाही. त्यासाठीही एक नारळ टांग, असं सारिकानं परवा सुचवलं. सुवर्णा म्हणाली, “टांगीन की. पण आता वर न्हाई बघणार. ह्यांच्याकडं बघणार.”

तुमच्याही घरात कुणाला बोलता येत नसेल, तर देवावर भरवसा जरूर ठेवा. पण त्या माणसाची नजर कुठं लागली आहे, तेही रोज बघत जा. कदाचित ते माणूस तुमच्याच डोक्यावरचं काही तुम्हांला दाखवत असेल.

बस आली वाटतं. मच्छिंद्रनं मला घट्ट धरलं आहे आणि त्याचे ओठ हलताहेत. “सु...” एवढंच झालंय. दारात सुवर्णा थांबली आहे. चपला अजून पायातच आहेत.