खिडकीजवळचं टेबल

प्रागमधल्या आमच्या ‘तीन कावळे’ पबात खिडकीजवळचं गोल टेबल नेहमीच्या मंडळींचं. त्यांतला आता मी एकटाच उरलोय. माझा बिअरचा मग वरच्या खुंटीला असतो. नव्या मालकाने उन्हाळ्याच्या तोंडावर सांगून टाकलं, की रोज पाचच्या आत कोणी येऊन बसलं तर टेबल तुमचं. एक दिवस जरी रिकामं दिसलं, तर कायमचं प्रवाशांना देणार.

त्या शनिवारी माझी नात रादका होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन आली. ओताकार त्यांचं नाव. ओस्त्रावाच्या कोळशाच्या खाणीत जन्म काढलेला धिप्पाड माणूस. त्यांना शहर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आज पबचं नाव काढायचं नाही, असं रादकाने मला सकाळीच बजावलं होतं.

मग काय, दाखवत सुटलो. किल्ला चढलो, पुलावरचे पुतळे पाहिले, दुपारी बदक आणि कोबी जेवलो, पुन्हा चालू लागलो. ओताकार कशालाच नको म्हणेनात. पाच वाजत आले तेव्हा आम्ही जुन्या चौकात घड्याळासमोर उभे. तासाचे ठोके पडताना वरच्या खिडक्यांतून संतांचे पुतळे फिरतात, ते बघूनच जायचं असं रादकाने ठरवलेलं.

ओताकार कानाशी आले. “व्याही, सारखं घड्याळाकडे काय बघताय?”

“इथे सगळेच घड्याळाकडे बघतायत.”

“त्यांचे चेहरे हसरे आहेत. तुमचा दवाखान्यात बसल्यासारखा झालाय.”

मी टेबलाचं सांगून टाकलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो, किल्ल्यावरच माझे गुडघे गेले. तुम्ही हौसेने दाखवताय म्हणून मुकाट चालतोय. आणि आजोबांपुढे बिअरचा विषय नको, हे सूनबाईंनी मलाही बजावलंय.”

तेवढ्यात पाचाचे ठोके पडले. फोन उंचावलेल्या गर्दीतून वाट काढत, गल्लीबोळांतून आम्ही तिघं पबात पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली.

टेबलाभोवती डच प्रवासी बसलेले. पण खिडकीजवळची खुर्ची मोकळी होती आणि तिच्यासमोर माझा मग, काठोकाठ भरलेला. आमच्याकडे भरला मग समोर असला की खुर्चीचा माणूस आहे असंच धरतात. मालक गल्ल्याशी उभा होता.

बिअरच्या नळावरच्या लुबोशने मान वर न करताच विचारलं, “काका, संडासात इतका वेळ? मालक दोनदा चौकशी करून गेले.”

“कोट घालून गेला होता?” मालक म्हणाला.

“तिथे गारठा असतो,” लुबोश म्हणाला.

मालकाने माझ्याकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं आणि आत निघून गेला. डच मंडळींनी सरकून ओताकार आणि रादकाला जागा दिली.

मगातला फेस केव्हाच बसला होता. फेस जरा कमी पडला तरी बिअर मोरीत ओतून देणारा हा लुबोश; त्याने ही पाचच्या आधीच भरून तशीच ठेवलेली. तो ती बदलायला आला, पण मी मग सोडला नाही. कोमट, मिळमिळीत बिअर तळापर्यंत प्यालो.

रादकाने स्वतःसाठी एक मागवली.

ओताकारनी बुटांच्या नाड्या सैल केल्या. “उद्या माझी गाडी संध्याकाळी सातची आहे,” ते म्हणाले. “चारलाच येऊन बसू.”